हिरव्या विक्रियेचा हिशेब सॉल्व्हंटसकट मांडा

प्रति,
मा. उद्योगमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय: औषधी रसायनांच्या कारखान्यांतला सॉल्व्हंटचा हिशेब आणि एन्झाइमच्या मदतीने होणाऱ्या ऑक्सिडेशन-रिडक्शनसाठी ठाणे जिल्ह्यात सामायिक चाचणी केंद्र.

महोदय,



मी दिघाशीचा, तालुका भिवंडी. नोकरीची सगळी वर्षं औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या कारखान्यांत प्रोसेस केमिस्ट म्हणून गेली. आता गावीच असतो. आपल्याला पत्र लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. हिरव्या रसायनशास्त्राच्या नावाने भाषणं होतात, सवलती जाहीर होतात, पण ज्या एका गोष्टीवर सगळं अवलंबून आहे तिच्याबद्दल कुणी विचारत नाही. ती गोष्ट म्हणजे सॉल्व्हंट, पुस्तकातला द्रावक.

आमचा तालुका बाहेर ओळखला जातो तो यंत्रमागांसाठी आणि अलीकडे गोदामांसाठी. या गोदामांच्या पट्ट्यात रसायनांचे ड्रम सापडल्याच्या आणि आगी लागल्याच्या बातम्या आता नवीन राहिलेल्या नाहीत. ड्रमांत काय होतं हे आग विझल्यावर विचारलं जातं. शेजारच्या डोंबिवलीत 26 मे 2016 रोजी आणि पुन्हा 23 मे 2024 रोजी जे स्फोट झाले, त्यांची कारणं वेगळी होती. ते मी सॉल्व्हंटच्या माथी मारत नाही. पण त्या दोन दिवसांनंतर आमच्या भागातल्या माणसाला रासायनिक कारखान्याबद्दल एकच प्रश्न पडतो: आत काय आहे आणि किती आहे? याचं खरं उत्तर असं, की बहुतेक औषधी कारखान्यांत सर्वांत जास्त असतं ते सॉल्व्हंट. मोठ्या औषध कंपन्यांनी मिळून काही वर्षांपूर्वी आपापल्या प्रक्रियांचा हिशेब मांडला, तेव्हा वापरलेल्या एकूण मालाच्या वजनात निम्म्याहून जास्त भाग सॉल्व्हंटचा निघाला. त्याखालोखाल पाणी. जी रसायनं खऱ्या अर्थाने विक्रियेत भाग घेतात, त्यांचा वाटा अगदी थोडा. म्हणजे गोळीतलं औषध बनवताना आपण मुख्यतः सॉल्व्हंट आणतो, तापवतो, गाळतो, पुन्हा उकळून गोळा करतो. जे गोळा होत नाही ते हवेत, सांडपाण्यात किंवा तळोज्यासारख्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर जातं.

विषय तांत्रिक आहे, पण अवघड नाही. थोडा वेळ द्यावा अशी विनंती करून पुढे जातो.

औषधं बनवताना ज्या विक्रिया पुन्हा पुन्हा कराव्या लागतात, त्यांत ऑक्सिडेशन आणि रिडक्शन या दोन नेहमीच्या. कीटोनचा अल्कोहोल करायचा, अल्कोहोलचा आल्डिहाइड करायचा, सल्फाइडवर नेमका एक ऑक्सिजन चढवायचा. जुन्या पद्धतीत रिडक्शनला सोडियम बोरोहायड्राइड लागतं, किंवा हायड्रोजन आणि रॅने निकेल, जे कोरडं पडलं तर हवेत आपोआप पेट घेतं. ऑक्सिडेशनला क्रोमियम, परमँगनेट, हायपोक्लोराइट, पेरॉक्साइड. आणि या सगळ्याला मेथनॉल, टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान), टोल्युईन, डीएमएफ (डायमिथिल फॉर्मामाइड) किंवा एमडीसी, म्हणजे मिथिलीन डायक्लोराइड.

हीच कामं सजीव पेशी पाण्यात, साध्या तापमानाला करतात. आमच्याकडच्या ताडीचंच घ्या. पहाटे उतरवलेली नीरा गोड असते, उन्हं चढली की यीस्ट साखर फोडतं आणि त्याचा अल्कोहोल डिहायड्रोजनेज नावाचा एन्झाइम ॲसिटाल्डिहाइडचं रिडक्शन करून मद्यार्क बनवतो. तीच ताडी ठेवून दिली तर काही जीवाणू त्याच मद्यार्काचं हवेतल्या ऑक्सिजनने ऑक्सिडेशन करून ती आंबट करतात. एका मडक्यात दोन्ही विक्रिया, आणि सॉल्व्हंट फक्त पाणी. हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेतल्या डॉ. जे. एस. यादव यांच्या गटाने 2002 मध्ये तर गाजराचे ताजे तुकडे पाण्यात टाकून कितीतरी कीटोनांचं रिडक्शन करून दाखवलं. अशा अल्कोहोलाची, एकमेकांच्या आरशातल्या प्रतिबिंबासारखी, दोन रूपं असतात, त्यांतलं जवळजवळ एकच रूप गाजराने दिलं. तो निबंध मी प्रथम वाचला तेव्हाचा आनंद अजून आठवतो. बाजारातल्या गाजरात एवढी निवड करणारं यंत्र आहे, हे आम्हा कारखान्यातल्या माणसांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

औषधाला बहुधा असं एकच रूप लागतं. दुसरं रूप निरुपयोगी असतं, कधी घातकही. म्हणून एन्झाइमचं महत्त्व.

हे प्रयोगशाळेपुरतं राहिलेलं नाही. मुलांच्या दम्यासाठी आणि ॲलर्जीसाठी डॉक्टर जी माँटेलुकास्टची गोळी लिहून देतात, तिच्या एका टप्प्यात कीटोनचं रिडक्शन आहे. पूर्वी त्याला डिप-क्लोराइड नावाचं बोरॉनचं महागडं रसायन लागे. ते ओलाव्याने बिघडतं, हाताला लागलं तर भाजतं, आणि विक्रिया शून्याखाली वीस-पंचवीस अंशांवर, टीएचएफमध्ये करावी लागे. कोडेक्सिस या कंपनीने कीटोरिडक्टेज एन्झाइम बदलत बदलत असा घडवला की तेच काम 45 अंशांवर, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), थोडं टोल्युईन आणि पाणी यांच्या मिश्रणात होऊ लागलं. एका लिटरमागे शंभर ग्रॅम माल. तयार झालेला अल्कोहोल स्फटिक होऊन आपोआप खाली बसतो, त्यामुळे विक्रिया पुढेच ढकलली जाते. हव्या त्या रूपाची शुद्धता 99.9 टक्क्यांच्या वर. बॅच दोनशे किलोच्या पुढची.

यातलं आयपीए जरा लक्षात ठेवावं. ते इथे दोन कामं करतं. न विरघळणारा कीटोन विरघळवतं, आणि स्वतःचा हायड्रोजन देऊन स्वतः ॲसिटोन होतं. एन्झाइमला जो महागडा सहकारी रेणू लागतो, एनएडीपीएच, तो या हायड्रोजनने पुन्हा पुन्हा ताजा होतो, त्यामुळे त्याची चिमूटभर पुरते. सॉल्व्हंटच इंधन झालं की एक माल कमी लागतो, एक कचरा कमी होतो. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या संशोधकांनी ऱ्होडोकोकस रुबर या जीवाणूतला एक एन्झाइम शोधला, तो निम्मं आयपीए असलेल्या मिश्रणातही काम करतो. एके काळी आम्हाला शिकवलं होतं की एन्झाइम पाण्याबाहेर काढला की संपला. ते खरं नाही. अमेरिकेत झाक्स आणि क्लिबानोव यांनी 1984 मध्ये स्वादुपिंडातला लायपेज 100 अंशांवर, जवळजवळ कोरड्या सेंद्रिय द्रावात चालवून दाखवला, तेव्हाच ती समजूत मोडली.

आता ज्या मुद्द्यासाठी हे पत्र लिहिलं त्याकडे येतो.

कोलेस्टेरॉलच्या ॲटोर्वास्टॅटिन गोळीचा एक कच्चा माल तीन एन्झाइमांनी बनवण्याच्या प्रक्रियेला 2006 मध्ये अमेरिकेचा हरित रसायनशास्त्राचा राष्ट्राध्यक्ष पुरस्कार मिळाला. प्रक्रिया कोडेक्सिसची, आणि ॲटोर्वास्टॅटिनचा हा कच्चा माल बनवण्यासाठी तिने हात मिळवला तो मुंबईच्या आर्च फार्मालॅब्जशी. पहिल्या टप्प्यात कीटोनचं रिडक्शन, ग्लुकोजच्या मदतीने, पाण्यात. लिटरमागे दीडशे ग्रॅमहून जास्त माल. 2010 मध्ये या प्रक्रियेचा सविस्तर हिशेब प्रसिद्ध झाला. पाणी सोडून मोजलं तर एका किलो मालामागे 5.8 किलो कचरा. औषधांच्या धंद्यात एका किलोमागे 25 ते 100 किलो कचरा होत असे, हे रॉजर शेल्डन यांनी 1992 पासून सांगितलेलं आहे; त्या मानाने 5.8 हा फार चांगला आकडा आहे. पण या 5.8 किलोंत सर्वांत मोठा वाटा कशाचा? इथिल ॲसिटेट आणि ब्युटिल ॲसिटेट, म्हणजे माल पाण्यातून बाहेर काढायला वापरलेलं सॉल्व्हंट, आणि त्यातलं जे परत मिळालं नाही ते. 51 टक्के. ग्लुकोजपासून झालेलं सोडियम ग्लुकोनेट 25 टक्के. उरलेलं मुख्यतः मीठ.

महोदय, हा आकडा मी मुद्दाम पुढे करतो आहे. विक्रिया पाण्यात झाली, एन्झाइमने झाली, पुरस्कार मिळाला, आणि तरीही निम्मा कचरा सॉल्व्हंटचाच निघाला. पुरस्कार चुकीचा नव्हता. ज्यांनी हा हिशेब जगापुढे मांडला, त्यांचा प्रामाणिकपणा मला त्या पुरस्काराहून मोठा वाटतो. पण आपल्या राज्यात कुणी एन्झाइम प्रक्रियेसाठी सवलत मागायला आला, तर त्याला हा दुसरा आकडा कुणी विचारणार आहे का?

लहान प्रमाणावरच्या प्रयोगांची अवस्था तर याहून वाईट. ॲसिटोफिनोन नावाच्या साध्या कीटोनवर एन्झाइमचे शेकडो निबंध आहेत. त्यांतल्या पुष्कळांत कीटोनचं प्रमाण लिटरमागे दहा मिलिमोल असतं. म्हणजे शंभर टक्के यश आलं तरी एका लिटरमधून सव्वा ग्रॅम माल. एक किलो करायचा तर आठशे लिटरहून जास्त पाणी, आणि त्यातून माल ओढून काढायला निदान चारशे लिटर इथिल ॲसिटेट. निबंधाच्या शीर्षकात मात्र पाण्यातली हिरवी विक्रिया. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या फ्रँक हॉलमन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये आपल्याच क्षेत्राला हे स्पष्ट सुनावलं, की मोजल्याशिवाय एन्झाइमला हिरवं म्हणू नका. तीच प्रक्रिया लिटरमागे शंभर ग्रॅमवर नेली, तर किलोमागे दहा लिटर पुरतात. एवढा फरक कुठल्याही नव्या सॉल्व्हंटच्या शोधाने पडणार नाही.

पाणी फुकट आहे असं आमच्या तालुक्यात तरी कुणी म्हणू नये. 1892 सालच्या तानसा धरणाच्या जलवाहिन्या आमच्या भिवंडीच्या माळावरून मुंबईला जातात, पिसे-पांजरापूरहून मुंबईला पाणी उपसलं जातं, आणि आमच्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. एन्झाइमचं सांडपाणी विषारी नसलं तरी त्यात साखर, ग्लुकोनेट, प्रथिनं, मीठ असतं. ते सीओडी, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय मळाचं माप, वाढवतं आणि सामायिक सांडपाणी केंद्रावर भार टाकतं. ग्लुकोज वापरायचं की आयपीए, हा प्रश्न म्हणूनच केवळ स्वस्ताईचा नाही.

मग हिरवे म्हणवले जाणारे पर्याय कोणते आणि आमच्या कामाला कितपत येतात? मी यांतल्या काहींवर हात चालवला आहे, काहींबद्दल वाचलं आहे. जे ठामपणे माहीत आहे तेवढंच लिहितो.

आधी एमडीसी. छोट्या कारखान्याला ते का सोडवत नाही, हे मंत्रालयात कुणी समजून घेतलं आहे असं वाटत नाही. एमडीसी पाण्यापेक्षा जड असतं, खाली बसतं. रिअॅक्टरचा तळाचा व्हॉल्व्ह उघडला की माल घेऊन आधी तेच बाहेर येतं, वर पाणी राहतं. त्याच पाण्यावर पुन्हा एमडीसी ओतून दुसरं एक्स्ट्रॅक्शन त्याच भांड्यात करता येतं. चाळीस अंशांना उकळतं, म्हणून कमी वाफेत रिकव्हरी होते. सहजासहजी पेटत नाही. स्वस्त आहे. एकच रिअॅक्टर असलेल्या माणसासाठी ते सोयीचं आहे, आणि या सोयीची किंमत शिफ्टमधला ऑपरेटर देतो. ठाणे जिल्ह्याच्या मे महिन्यातल्या दुपारी चाळीस अंशांना उकळणारं द्रव ड्रममधून नळीने काढताना किती हवेत जातं, हे ज्याने तो गोडसर वास घेतला आहे त्याला विचारावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने एमडीसीला बहुधा कर्करोगकारक असलेल्या पदार्थांच्या गटात ठेवलं आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 2024 मध्ये त्याच्या बहुतेक वापरांवर बंदी आणणारा नियम काढला आणि उरलेल्यांना कामगारसंरक्षणाच्या कडक अटी घातल्या. डीएमएफवर युरोपात डिसेंबर 2023 पासून निर्बंध आहेत. निर्यात करणाऱ्या आपल्या कारखानदारांना या दिशेने जावंच लागणार आहे. प्रश्न फक्त एवढाच की तयारीनिशी जायचं की नोटीस आल्यावर.

2-मिथिल टीएचएफ हा बराच चांगला पर्याय. फरफ्युरॉलपासून बनतो, आणि फरफ्युरॉल बनतं उसाच्या चिपाडापासून किंवा मक्याच्या बुरकुंडापासून. ज्या राज्यात कोल्हापूरपासून अहिल्यानगरपर्यंत साखर कारखाने चिपाड जाळून वाफ करतात, तिथे हा कच्चा माल कुठून आणायचा हा प्रश्नच नाही. पुष्कळ एन्झाइम त्याच्या सान्निध्यात तग धरतात आणि पाण्याशी तो वेगळा थर करतो. पण तो थर वरचा. म्हणजे आधी पाणी खाली काढून दुसऱ्या भांड्यात घ्यावं लागतं, आणि पुन्हा एक्स्ट्रॅक्शन करायचं तर ते वर चढवावं लागतं. छोट्याकडे दुसरं भांडंच नसतं. शिवाय तो एमडीसीच्या उलट सहज पेटतो, साठवणीत पेरॉक्साइड धरतो, आणि महाग आहे. चिपाडापासून झाला म्हणून त्याचा ड्रम आमच्या पट्ट्यातल्या गोदामात बिनधास्त ठेवता येईल असं नाही.

डीप युटेक्टिक सॉल्व्हंट हा दुसरा रस्ता, आणि मला त्याचं विशेष कौतुक आहे. इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठातल्या अँड्र्यू ॲबट यांच्या गटाने 2003 मध्ये दाखवलं की कोलीन क्लोराइड, जे 302 अंशांना वितळतं, आणि युरिया, जो 133 अंशांना वितळतो, हे दोन घन पदार्थ एकास दोन प्रमाणात मिसळले तर मिश्रण 12 अंशांपर्यंत द्रव राहतं. कोलीन क्लोराइड कोंबड्यांच्या खाद्यात घालतात, युरिया भाताच्या खाचरात पडतो. युरियाऐवजी ग्लिसरीन घेतलं तर एन्झाइमला ते जास्त मानवतं. स्पेनमधलं ओव्हिएदो, डेल्फ्ट, ग्राझ अशा ठिकाणी या द्रवांत थोडं पाणी ठेवून अल्कोहोल डिहायड्रोजनेजने रिडक्शनं चालवली आहेत आणि अनेकदा शुद्धताही टिकली आहे. वाफ जवळजवळ नाही, म्हणजे ऑपरेटरच्या नाकात काही जात नाही. गोदामात आग पसरवण्याची भीती कमी. मात्र हा द्रव काकवीसारखा घट्ट. ढवळायला ताकद लागते, पंपाला त्रास होतो. आणि आतला माल बाहेर काढायला पुन्हा इथिल ॲसिटेटच लागलं, तर आपण फिरून पहिल्या जागी. हा द्रव किती वेळा परत वापरता येतो, यावर त्याचं हिरवेपण ठरतं. एकदा वापरून ईटीपीत, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेत, सोडायचा असेल तर नकोच.

आयनिक लिक्विडचं कौतुक पंचवीस वर्षं ऐकतो आहे. काहींची विषारीता आणि सगळ्यांची किंमत पाहता आमच्या पट्ट्यासाठी ती दूरची गोष्ट. द्रवासारखा वागणारा दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड 31 अंशांच्या आणि सुमारे 74 बारच्या वर मिळतो. तेवढा दाब पेलणारं भांडं लहान कारखान्याला परवडणार नाही.

ऑक्सिडेशनबद्दल वेगळं सांगितलं पाहिजे, कारण तिथे प्रश्न कचऱ्याहून मोठा आहे. लॅकेज, ऑक्सिडेज अशा एन्झाइमांना हवेतला ऑक्सिजन पुरतो आणि शेवटी पाणी किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड उरतं. क्रोमियम नाही, परमँगनेटचा काळा गाळ नाही. पण टोल्युईनसारखं चार अंशांवर पेट घेऊ शकणारं सॉल्व्हंट भरलेल्या रिअॅक्टरमध्ये हवा सोडणं म्हणजे वरच्या मोकळ्या जागेत स्फोटक मिश्रण तयार करणं. कुणीही शहाणा प्लँट मॅनेजर त्याला परवानगी देणार नाही. म्हणून हवेच्या ऑक्सिडेशनला न उडणारा, न पेटणारा द्रव ही चैन नाही, पहिली अट आहे. इथे पाणी आणि डीप युटेक्टिक द्रव यांना खरी जागा आहे. अडचणही सांगतो. 25 अंशांच्या पाण्यात लिटरमागे फक्त आठ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळतो. बुडबुडे सोडले तर फेस येतो, आणि बुडबुड्याच्या कडेवर एन्झाइम मरतो. यावर काम व्हायला हवं, आणि ते काम शंभर लिटरच्या भांड्यातच होतं, काचेच्या चंबूत नाही.

भिवंडीच्या कापडधंद्याने एन्झाइमचा एक धडा न गाजवता गिरवलेला आहे. कापड हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरं केल्यावर उरलेला पेरॉक्साइड रंग बिघडवतो. पूर्वी तो काढायला पुन्हा पुन्हा गरम पाण्याने धुवावं लागे किंवा दुसरं रसायन टाकावं लागे. आता बऱ्याच प्रोसेस हाउसमध्ये कॅटलेज एन्झाइम टाकतात. तो पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतो, आणि कित्येक धुण्यांचं पाणी व वाफ वाचते. हे कुणाच्या उपदेशाने झालेलं नाही. पाण्याचं आणि वाफेचं बिल कमी झालं, म्हणून झालं. औषधी रसायनांतही तसंच होईल, पण तिथे करून बघण्याचा खर्च मोठा आहे.

आणि इथेच राज्याची गरज आहे. आपल्याकडे ज्ञान कमी नाही. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था 1933 पासून आहे, डॉ. जी. डी. यादव यांच्यासारख्या संशोधकांनी तिथे एन्झाइम आणि हरित प्रक्रिया यांवर उभी हयात घालवली. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा 3 जानेवारी 1950 रोजी सुरू झाली, तिच्यात उद्योगाला लागणाऱ्या सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. एन्झाइम बनवणारी ॲडव्हान्स्ड एन्झाइम ही मोठी कंपनी ठाण्याचीच, तिचं एक उत्पादन सिन्नरला चालतं. दिघाशीहून जवळच तानसेच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं आहेत. अशाच गरम झऱ्यांतल्या जीवाणूंनी जगाला उष्णता सोसणारे एन्झाइम दिले. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या झऱ्यांतल्या थर्मोॲनारोबॅक्टर ब्रोकीचा अल्कोहोल डिहायड्रोजनेज त्यांतलाच, आणि उष्णता सोसणारा एन्झाइम बऱ्याचदा सॉल्व्हंटही सोसतो. आमच्या कुंडांत लोक श्रद्धेने अंघोळ करतात, ती चालूच राहो. त्या पाण्यातल्या जीवाणूंकडे उद्योगाच्या नजरेनेही बघावं, एवढीच जोड.

नाही ते एवढंच: तारापूर, अंबरनाथ, बदलापूर, डोंबिवलीतल्या लहान कारखानदाराला जिथे आपली विक्रिया घेऊन जाता येईल अशी जागा. त्याच्याकडे दोन-तीन रिअॅक्टर असतात आणि ते ऑर्डरीत अडकलेले असतात. एन्झाइमची बॅच लावली आणि थर वेगळे करताना मधे प्रथिनांचा साबणासारखा थर अडकून बसला, तर हायफ्लो या गाळणीच्या भुकटीच्या थरातून गाळत बसायला दिवस जातो आणि पुढची बॅच खोळंबते. त्यात नोंदणी झालेल्या औषधाची प्रक्रिया बदलायची तर नवी कागदपत्रं, अशुद्धतेच्या आणि टिकाऊपणाच्या चाचण्या. एका फसलेल्या बॅचचा तोटा सोसायची त्याची ऐपत नसते. म्हणून तो माटुंग्याचं भाषण ऐकतो, टाळ्या वाजवतो आणि परत येऊन एमडीसीचा टँकर मागवतो. मी त्याला दोष देत नाही. वर्षानुवर्षं मीही त्याच टँकरच्या पावत्यांवर सह्या केल्या.

माझं मागणं असं आहे. ठाणे जिल्ह्यात, एमआयडीसीच्या एखाद्या भूखंडावर, शंभर ते पाचशे लिटरचे थोडे रिअॅक्टर, हवा सोडण्याची सुरक्षित सोय, एक डिस्टिलेशन कॉलम, सेंट्रिफ्यूज आणि तपासणीची उपकरणं असलेलं सामायिक केंद्र उभारावं. माटुंग्याच्या आणि पुण्याच्या संस्थांनी ते चालवावं, भाडं लहान उद्योगाला झेपेल एवढं असावं, आणि तिथे फसलेल्या बॅचचीही नोंद राहावी, म्हणजे दुसऱ्याला तीच चूक करावी लागणार नाही.

दुसरी गोष्ट त्याहून स्वस्त. 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे प्रत्येक कारखाना दरवर्षी 30 जूनपर्यंत विवरणपत्र भरतो. त्यात वापरून झालेलं सॉल्व्हंट किती निघालं हे येतं. किती विकत घेतलं होतं हे त्याशेजारी येत नाही. खरेदी, रिकव्हरी, मालात गेलेलं, कचऱ्यात गेलेलं, हे आकडे एका ओळीत मांडले की जे उरतं ते हवेत किंवा नाल्यात गेलेलं. संमतीपत्राच्या नूतनीकरणाला प्रदूषण नियंत्रण मंडळाने ही ओळ मागावी. खरेदीचे आकडे जीएसटीत आधीच आहेत. नवा कर नको, नवं खातं नको. आणि ज्या प्रकल्पाला हरित म्हणून सवलत द्यायची, त्याने किलोमागे किती सॉल्व्हंट गेलं आणि किती पाणी लागलं हे आधी लिहून द्यावं. पर्यावरण खात्याशी याबाबत बोलणं आपल्याला शक्य आहे. आमच्या पत्रांना ते खातं उत्तर देत नाही असं मी म्हणणार नाही, पण आपल्या पत्राला लवकर देईल.

लहान कारखानदार म्हणतील, हा आणखी एक कागद. त्यांना माझं सांगणं असं की हा कागद तुमच्याच खिशाचा आहे. हवेत गेलेलं आयपीए तुम्ही विकतच घेतलेलं असतं.

केंद्र उभं राहायला वेळ लागेल हे मला समजतं. तोवर एक काम या वर्षीही होऊ शकेल. मेथनॉलमध्ये बोरोहायड्राइडने होणारं आणि एमडीसीने काढलं जाणारं एखादं कीटोनचं रिडक्शन निवडावं, जे आपल्या पट्ट्यात अनेक जण करतात. माटुंग्याच्या प्रायोगिक रिअॅक्टरमध्ये ते दोन पद्धतींनी करावं: एक नेहमीची, दुसरी कीटोरिडक्टेज आणि आयपीएची, लिटरमागे शंभर ग्रॅमवर, शेवटचं एक्स्ट्रॅक्शन 2-मिथिल टीएचएफने किंवा जमलं तर एक्स्ट्रॅक्शनच टाळून, स्फटिक गाळून. दोन्हीकडे आत गेलेला आणि बाहेर आलेला प्रत्येक लिटर मोजावा, वीज, वाफ आणि रुपयेही मोजावेत, आणि तो तक्ता मराठीत छापून चारही एमआयडीसींतल्या कारखानदार संघटनांना पाठवावा. एन्झाइमची पद्धत हरली तरी छापावा. थर कापायला, नमुने काढायला अनुभवी माणूस लागला तर मी दिघाशीहून यायला तयार आहे, मानधनाशिवाय.

आपला नम्र,
दिघाशी (ता. भिवंडी, जि. ठाणे) येथील एक निवृत्त प्रोसेस केमिस्ट